खिशातील यंत्राचा कारभारी
(चिखली तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिखलीच्या बाजारात सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी आज भाव पाहतो तो मोबाइलवर. हवामानाचा अंदाज, बँकेचा संदेश आणि मुलाचा गृहपाठ ह्याही गोष्टी त्याच यंत्रातून घरात येतात. यंत्र कोणत्या कंपनीचे, ते कितीला मिळाले, हे मालकाला पाठ असते. मात्र त्या यंत्राच्या आत कारभार कोणाचा चालतो, ही चौकशी सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः लाभ आणि धोका ह्या दोहोंचे मूळ त्या कारभारातच आहे.

ह्या कारभाऱ्यास ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच कार्यप्रणाली असे नाव आहे. शाळेचा दृष्टांत घेतला म्हणजे तिचे काम चटकन ध्यानी येते. इमारत, फळा व बाके म्हणजे यंत्राचे भाग. निरनिराळे विषय शिकविणारे शिक्षक म्हणजे ॲप. परंतु वेळापत्रक कोणी लावावे, कपाटाची किल्ली कोणाला द्यावी, परक्या माणसाला वर्गात येऊ द्यावे की नाही, हे मुख्याध्यापक ठरवितात. ते वर्गात नसले तरी शाळा त्यांच्याच व्यवस्थेने चालते. मोबाइलमध्ये कार्यप्रणालीचे स्थान हेच होय.

प्रारंभीच्या मोबाइलमध्ये हा कारभार अगदी आटोपशीर होता. २००३ साली आलेला नोकिया ११०० अनेकांना आठवत असेल. बोलणे, लघुसंदेश पाठविणे आणि अंधारात विजेरी लावणे एवढीच त्याची मुख्य कामे. त्यात नवे ॲप घालण्याची सोय नव्हती. त्यामुळे ॲपच्या वाटेने चोर शिरण्याची भीतीही नव्हती. २००७ साली ॲपल कंपनीचा आयफोन विक्रीस आला आणि बोटाच्या स्पर्शाने चालणारा मोबाइल लोकांच्या परिचयाचा झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात गूगलने अँड्रॉइड ह्या कार्यप्रणालीची घोषणा केली व २००८ साली तिच्यावर चालणारा पहिला मोबाइल बाजारात आला. हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्या लिनक्सला आरंभ केला, त्याच्याच पायावर अँड्रॉइड उभी आहे. तिचा मूळ आराखडा खुला असल्याने कोणत्याही कारखानदाराला तो घेऊन आपले यंत्र तयार करता आले. त्यामुळे स्वस्त मोबाइल निघाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेटही स्वस्त झाले आणि हे यंत्र वाडीवस्तीपर्यंत पोचले.

मराठी माणसाच्या दृष्टीने ह्या इतिहासातील एक प्रकरण महत्त्वाचे आहे. जगातील लिप्यांना सामाईक क्रमांक देणाऱ्या युनिकोड पद्धतीत देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली. तरीही क्रमांक मिळणे निराळे आणि हातातील यंत्राला अक्षर काढता येणे निराळे. कित्येक जुन्या मोबाइलमध्ये जोडाक्षरे तुटत, वेलांटी भलतीकडे जाई, अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसे. मराठीतील ‘ॲ’ ह्या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. म्हणजे ‘ॲप’ हा शब्दच तोवर नीट लिहिण्याची पंचाईत होती. लोकांनी रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय लावून घेतली, त्याचे एक कारण हेच. पुढे २०१४ साली अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत मराठीचा समावेश झाला आणि यंत्राच्या सूचनाही मराठीतून वाचता येऊ लागल्या. असे असूनही पुष्कळ घरांतील मोबाइल आजही इंग्रजीतच सूचना देतो, कारण भाषा बदलण्याची सोय सेटिंगमध्ये असते हेच कोणी सांगितलेले नसते. ज्या भाषेत प्रश्न समजत नाही, त्या भाषेत माणूस ‘होय’ म्हणून मोकळा होतो. खरा धोका येथूनच सुरू होतो.

हा ‘होय’ म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. पूर्वी अँड्रॉइडमध्ये ॲप घेताना त्याच्या सर्व मागण्या एकदम मान्य कराव्या लागत. २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून कारभारी मालकाला वेळोवेळी विचारू लागला: ह्या ॲपला कॅमेरा द्यावा काय? संपर्कयादी दाखवावी काय? लघुसंदेश वाचू द्यावेत काय? ही सुधारणा मोठी होती. परंतु तिचा उपयोग मालकाने प्रश्न वाचून विचाराने उत्तर दिले तरच.

एखाद्या शेतकरी पालकाचे उदाहरण घ्यावे. किसान योजनेचा हप्ता अडला आहे, सोबतची फाइल उघडा, असा संदेश त्याला येतो. ती फाइल एपीके प्रकारची, म्हणजे प्रत्यक्षात एक ॲपच असते. अनोळखी ठिकाणचे ॲप घेणे धोक्याचे आहे, असे कारभारी बजावतो. पालक घाईने पुढे जातो. मग ते ॲप लघुसंदेश वाचण्याची परवानगी मागते आणि तीही मिळते. आता बँकेकडून येणारा ओटीपी मालकाच्या आधी चोराला कळतो. अशा फसवणुकी देशभर झालेल्या आहेत. येथे कुलूप फुटलेले नसते. किल्ली मालकानेच दिलेली असते. पैसे गेल्याचे कळताच लाजेखातर गप्प न बसता १९३० ह्या क्रमांकावर तक्रार करावी व बँकेलाही कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

दुसरा प्रश्न यंत्राच्या वयाचा. कार्यप्रणालीतील दोष सापडतात तशा कंपन्या दुरुस्त्या पाठवितात. त्यालाच अपडेट म्हणतात. परंतु हा पुरवठा कायमचा नसतो. २०२३ नंतर काही कंपन्यांनी आपल्या महागड्या मोबाइलना सात वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले. स्वस्त मोबाइलच्या वाट्याला बहुधा त्याहून पुष्कळ कमी वर्षे येतात. यंत्र धडधाकट असते, पण त्याचा कारभारी म्हातारा होतो. मग एके दिवशी ॲपही त्याला नाकारतात. २४ ऑक्टोबर २०२३ पासून व्हॉट्सॲपने पाचव्या आवृत्तीपूर्वीच्या अँड्रॉइडवरील आपली सेवा बंद केली, हे त्याचे ठळक उदाहरण.

ह्या गोष्टीचा शाळेशी संबंध फार जवळचा आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ह्या उपक्रमातून धडे मोबाइलवर गेले. ज्या घरात मोबाइल नव्हता, किंवा एकच असून तो वडिलांबरोबर शेतात जाई, तेथील मुलाचे काय झाले हे शिक्षकांइतके कोणी जाणत नाही. शाळा पुन्हा भरल्या. पण सूचना आणि गृहपाठ गटावर टाकण्याची रीत मागे राहिली. अशा वेळी जुन्या मोबाइलचा धनी सूचनेला मुकतो आणि मूल निष्काळजी ठरते. पालक मागतो मुदतवाढ, आणि कारण सांगायला मात्र त्याच्याजवळ शब्द नसतात. दोष कार्यप्रणालीच्या आवृत्तीचा, शिक्षा मात्र लेकराला! हा अन्याय कोणी जाणूनबुजून करीत नाही. म्हणूनच तो सहजासहजी दिसतही नाही.

यास्तव शिक्षकाने चार गोष्टी कराव्यात. पहिली, पालकसभेत दहा मिनिटे काढून प्रत्येकाच्या मोबाइलची भाषा मराठी करण्याची रीत दाखवावी. दुसरी, परवानगीचा प्रश्न मोठ्याने वाचल्याशिवाय ‘होय’ म्हणू नये, हा धडा मुलांना द्यावा. आजी-आजोबांसाठी हा प्रश्न वाचणारे बहुधा घरातले मूलच असते. तिसरी, गटावर आलेली एपीके फाइल उघडू नये व पुढे पाठवू नये, हे निक्षून सांगावे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, गटावर टाकलेली प्रत्येक आवश्यक सूचना वर्गातील फळ्यावरही लिहावी आणि मुलांनी ती वहीत उतरवून घ्यावी.

फळ्याला आवृत्ती नसते आणि वहीला अपडेट लागत नाही. नवे यंत्र शाळेने अवश्य वापरावे. मात्र ज्याच्या घरी ते यंत्र थकले आहे, त्या मुलापर्यंत निरोप पोचला की नाही, हे पाहण्याचे काम कोणत्याही कार्यप्रणालीकडे सोपविता येत नाही. ते शिक्षकाचेच आहे.