परमुलखातला संसार

परदेश पाहणे निराळे आणि परदेशी बिऱ्हाड थाटणे निराळे. प्रवाशाला देवळे, डोंगर आणि बाजार दिसतात. घरमालकाशी बोलणी, वाण्याचे देणे, आजाऱ्याच्या उशाशी काढलेली रात्र यांतले काही त्याच्या वाट्याला येत नाही. ज्याला हे सारे परमुलखात करावे लागते, त्याला कोणीतरी जिवाभावाचे माणूस सोबतीला लागते. जपानविषयी लिहिणारा प्रसिद्ध लेखक लाफ्काडिओ हर्न याला असे माणूस लाभले. त्याची पत्नी सेत्सु हीच ती सोबत.

हर्नचा जन्म १८५० साली ग्रीसजवळच्या लेफ्कादा बेटावर झाला. आई ग्रीक, वडील ब्रिटिश फौजेतील आयरिश डॉक्टर. आईवडिलांची ताटातूट झाली आणि पोर डब्लिनमध्ये नातलगांच्या आश्रयाने वाढले. शाळेत खेळताना डावा डोळा गेला. एकोणिसाव्या वर्षी त्याला अमेरिकेस धाडण्यात आले. तेथे सिनसिनाटी व न्यू ऑर्लिअन्स येथील वृत्तपत्रांत त्याने वर्षानुवर्षे लेखणी झिजवली. १८९० साली तो जपानला उतरला तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होता आणि जगाच्या पाठीवर त्याचे म्हणावे असे घर कोठेही नव्हते.

त्याच वर्षी मात्सुए या सरोवराकाठच्या गावी इंग्रजीचा शिक्षक म्हणून त्याला नोकरी मिळाली. पुढील वर्षाच्या आरंभी त्याचे घर सांभाळण्यासाठी सेत्सु आली. ती सामुराई कुळातली. परंतु जुनी राजवट गेली, त्याबरोबर कुळाचे वैभवही गेले, आणि तिला कोवळ्या वयातच मागावर बसून पोट भरावे लागले. पहिला नवरा तिला टाकून गेला होता. थोड्याच दिवसांत ही दोन पोळलेली माणसे एकमेकांची झाली. त्या काळची एक आठवण सेत्सुने सांगितली आहे. काही पोरे एका मांजराच्या पिलाला पाण्यात बुडवून छळत होती. तिने ते सोडवून घरी आणले. हर्नने भिजलेले, कुडकुडणारे ते पिलू तसेच आपल्या कपड्यांच्या आत छातीशी धरले आणि त्याला ऊब दिली. हा परदेशी कोणत्या जातीचा माणूस आहे, हे सेत्सुला तेव्हा समजले.

अडचण होती ती भाषेची. त्याला जपानी येत नव्हते, तिला इंग्रजी येत नव्हते. हळूहळू त्या दोघांनी एक घरगुती बोली तयार केली. तिच्यात जपानी शब्दांचे प्रत्यय गळून पडत आणि क्रियापदे एकाच रूपात उभी राहत. मराठीत सांगायचे तर ‘मी उद्या समुद्रावर जाणार आहे’ याऐवजी ‘मी उद्या समुद्र जाणे’ अशा धर्तीची ती बोली. व्याकरणाच्या पंडिताने कानांवर हात ठेवले असते. पण याच मोडक्या भाषेत त्यांचे चौदा वर्षांचे प्रेम, रुसवे आणि चिंता मावल्या.

सुटी लागली की दोघे बाहेर पडत. १८९१ च्या उन्हाळ्यात ती समुद्रकाठाने हिंडली. तोगो येथील उष्ण झऱ्यांपाशी मुक्काम करण्याचा बेत होता. पण उताऱ्यावर मद्यपी पाहुण्यांचा एवढा धुडगूस चालला होता की हर्नने त्या जागेला ‘नरक’ म्हटले आणि तेथे क्षणभरही थांबायचे नाकारले. सेत्सुला मुकाट्याने मागे वळावे लागले. पुढील वर्षी ती ओकी बेटांवर गेली. तेथे परदेशी माणूस पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली, कोणी कोणी छपरांवरही चढले. गर्दीचा त्याला तिटकारा असे. निवांत देवळे, स्मशाने, किड्यांची किरकिर आणि समुद्र यांची मात्र त्याला अनिवार ओढ होती. अशा जागा हुडकून देणे हे सेत्सुचे काम होऊन बसले.

पुढे कुमामोतो, मग कोबे अशी बिऱ्हाडे बदलली. सेत्सुच्या घरची वडीलधारी मंडळीही कुमामोतोला त्याच्याच आश्रयाला राहिली. १८९३ साली पहिला मुलगा झाला, आणि सुखाच्या संसारात एक कठीण प्रश्न उभा राहिला. सेत्सुची नोंद ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी म्हणून करावी, तर ती आणि मूल आपल्याच देशात परकी ठरणार. नोंद करू नये, तर त्याच्या पश्चात त्याच्या मिळकतीवर त्यांचा हक्क टिकणार नाही. हर्नने तिसरा मार्ग पत्करला. १८९६ साली तो सेत्सुच्या कुळात सामील झाला, जपानी प्रजाजन झाला आणि ‘कोइझुमी याकुमो’ हे नाव त्याने घेतले. मराठीत ज्याला घरजावई म्हणतात तसे हे झाले. बायकामुलांच्या पायांखालची जमीन पक्की व्हावी म्हणून त्याने स्वतःच्या जन्माचे नाव सोडले. त्याच वर्षी तो टोकियोच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागला. १९०३ मध्ये ती जागा सुटली, तेव्हा घरात तीन मुले होती.

टोकियोचे शहरी जीवन त्याला मानवले नाही. घरी त्याचा खरा उद्योग रात्री चाले. सेत्सु जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून भुताखेतांच्या कथा शोधून आणी. दिव्याची वात बारीक करून ती त्या सांगत असे. पुस्तक हाती धरून वाचलेले त्याला खपत नसे. गोष्ट तिच्या शब्दांत, तिच्या मनातून आली पाहिजे, असा त्याचा हट्ट. आपण फार शिकलो नाही याची खंत तिने एकदा बोलून दाखवली, तेव्हा त्याने तिला आपल्या ग्रंथांच्या फडताळापुढे नेऊन उभे केले आणि हे सारे कोणामुळे लिहिले गेले, असे विचारले. १९०४ साली निघालेले ‘क्वाइदान’ हे त्याचे कथांचे पुस्तक याच रात्रींचे फळ होय.

उन्हाळ्यात तो मुलांना घेऊन याइझु या कोळ्यांच्या गावी जाई. एका मासेविक्याच्या घराची माडी हा त्यांचा उतारा. तो थोरल्याला पोहायला शिकवी. धाकट्यांसाठी सेत्सु टोकियोत मागे राहिली की तो तिला कातकाना लिपीत, त्याच मोडक्या बोलीत, पत्रे लिही. ‘लहान गोड आईसाहेब’ अशा मायन्याने सुरू होणाऱ्या त्या पत्रांत समुद्र कसा होता, मुले काय जेवली, असलाच मजकूर असे.

१९०४ च्या २६ सप्टेंबरला सकाळी त्याने सेत्सुला सांगितले की रात्री स्वप्नात आपण फार दूरचा प्रवास केला. युरोपात की जपानात, असे तिने विचारताच तो म्हणाला की दोन्हीकडे नाही, ती जागा निराळीच होती. त्याच दिवशी संध्याकाळी छातीत कळ येऊन त्याचे देहावसान झाले. सेत्सु १९३२ पर्यंत जगली. मागाहून तिने आपल्या आठवणी सांगितल्या, म्हणून तर मांजराचे पिलू, तोगोचा मुक्काम आणि हे शेवटचे स्वप्न जगाला कळले. टोकियोतील झोशिगाया स्मशानभूमीत दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत.