उधारीची मुदत आणि आयकर

(तेल्हारा येथील भाषणाचा सारांश)



आपल्या वऱ्हाडातील जिनिंगचा हंगाम लहान कारागिराच्या उधारीवरही चालतो. लेथवाला यंत्राचा भाग आज घडवून देतो. पैशाचे मात्र ‘पुढच्या महिन्यात पाहू’.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याने लेखी करार नसल्यास १५ दिवस, असल्यास कमाल ४५ दिवस मुदत घातली. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज! पण गिऱ्हाईक तुटेल या भयाने ते मागतो कोण? म्हणून २०२३ मध्ये आयकर कायद्यात कलम ४३ब(एच) आले. मुदत उलटून ३१ मार्चला थकलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चातून वगळली जाऊ लागली. वजावट प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षी.

हे संरक्षण सूक्ष्म व लघु उत्पादक आणि सेवा पुरविणाऱ्यांना आहे. निव्वळ व्यापाऱ्याला नाही, कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याला तर नाहीच. हे मला बोचते.

लेथवाल्या बंधूंनो, बिलावर ‘उद्यम’ क्रमांक छापा आणि माल पोहोचल्याच्या तारखेवर सही घ्या. हरकत नसेल तर मुदत त्याच दिवसापासून मोजली जाते.