शिकणाऱ्या आईचं मूल कोण सांभाळणार?

(त्र्यंबकेश्वर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



मूल व्हावं म्हणून विधी करायला देशभरातून माणसं तुमच्या त्र्यंबकला येतात. मूल झाल्यावर पुढे काय, हे सांगायला मात्र तुम्ही मला बोलावलंत. (हशा) पत्रिकेवर विषय छापलाय, ‘पालक झाल्यानंतर आरोग्य व विज्ञान क्षेत्रातील संधी’. संधींची यादी मी वाचून दाखवत बसत नाही. नीट परीक्षेची वयाची कमाल अट २०२२ मध्ये उठली. पीएचडी करणाऱ्या बाईला यूजीसीच्या नियमाप्रमाणे २४० दिवसांची रजा मिळते, मुदतीत दोन वर्षांची सवलत मिळते. नर्सिंगच्या जीएनएम अभ्यासक्रमाला बारावी कला शाखेची मुलगीही चालते. हे सगळं खरं आहे. पण आयुष्यभर परिचारिकांना शिकवल्यावर माझा एकच प्रश्न उरलाय. बाई वर्गात बसली, त्या वेळी तिचं मूल कुठे आहे?

आनंदीबाई जोशींची गोष्ट तुम्हांला पाठ आहे. कादंबरी झाली, नाटक झालं, मालिका झाली, सिनेमा झाला. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं आणि त्यातून डॉक्टर व्हायचं ठरलं. त्यावर मी वेळ घेत नाही. एक तारीख तेवढी लक्षात ठेवा, ११ मार्च १८८६. फिलाडेल्फियात आनंदीबाईंना पदवी मिळाली तो दिवस. तो सोहळा पाहायला इंग्लंडहून समुद्र ओलांडून एक बाई आली होती. पंडिता रमाबाई.

रमाबाई म्हटलं की आपल्याला धर्मांतर आठवतं, विधवांसाठी उघडलेलं शारदा सदन आठवतं. त्या विलायतेला कशासाठी गेल्या होत्या, ते कोणी सांगत नाही. त्या डॉक्टर व्हायला गेल्या होत्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडलेले. दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ च्या फेब्रुवारीत यजमान बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरात मनोरमा, वर्षाचीही झालेली नव्हती. अशी ही चोवीस वर्षांची बाई पुण्यात येते आणि त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देते. बायकांसाठी बायका डॉक्टर पाहिजेत, पुरुषाला दुखणं सांगायच्या संकोचापायी बायका मरतात, असं बजावून सांगते. नुसतं सांगून थांबल्या असत्या तरी आपण त्यांचं नाव घेतलं असतं. पण त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं, त्या पुस्तकाच्या पैशांतून बोटीच्या भाड्याची सोय केली आणि १८८३ मध्ये लेकीला कडेवर घेऊन निघाल्या.

वैद्यकी हुकली ती कानांमुळे. ऐकू कमी यायचं. मग त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात गेल्या, तिथे शिकल्या आणि संस्कृत शिकवलं. आणि मनो? मनो वाँटेजला, मठातल्या सिस्टरांकडे. आई एका गावी, दोन-तीन वर्षांची पोर दुसऱ्या गावी. त्या काळातली पत्रं छापलेली आहेत, मिळवून वाचा. त्या मठातल्या सिस्टर जेराल्डाइन आणि रमाबाई यांचा मनोला काय शिकवायचं यावरून वाद चाललाय. मनोवर कोणते धर्मसंस्कार करायचे, ते कोणी ठरवायचं? मूल ज्यांच्या हाती, शब्द त्यांचा चालतो. आपल्याच लेकीबद्दल बोलायचा हक्क ही त्या बाईच्या शिक्षणाची फी होती, आणि ती कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते.

पुढे अमेरिकेत त्यांनी काय शिकावं? बालवाडीचं शास्त्र, फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धत. डॉक्टर व्हायला निघालेली बाई लहान मुलं कशी सांभाळायची, कशी शिकवायची ते शिकून परत येते. मला यात योगायोग दिसत नाही. वाँटेजचा तो विरह त्यामागे आहे, असं मी मानते. आणि मुंबईत शारदा सदन उघडलं त्याची तारीख ११ मार्च १८८९. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली. (टाळ्या)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. रमाबाईंना एवढा वेळ देणं मला भाग होतं. आता भराभर सांगते.

बाप झाल्यावर असं शिक्षण कोणी घेतलं का? घेतलं. बाबा आमटे. वरोऱ्याचे वकील, घरात दोन मुलगे. विकास १९४७ चा, प्रकाश १९४८ च्या डिसेंबरातला. आणि १९४९ मध्ये बाबा कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले. धाकटा पाळण्यात, थोरला नुकता चालायला लागलेला. बाबांना कोणी विचारलं असेल का, की मुलं कोणाकडे ठेवलीत? विचारायची गरजच नव्हती. पत्नी साधनाताई होत्या. बाबांची थोरवी रेसभर कमी होत नाही, पण त्या थोरवीच्या तळाशी साधनाताई आहेत. रमाबाईंना साधनाताई नव्हती. इथे समोर बसलेल्या हरसूलच्या बाईलाही नाही.

माझा आग्रह एवढाच आहे. शिकणाऱ्या आईच्या मागे कोणीतरी उभं राहायला पाहिजे, आणि सासू चांगली निघाली तर, नवरा समजूतदार असला तर, अशा नशिबावर ते सोडून चालणार नाही. प्रत्येक नर्सिंग स्कूलला प्रयोगशाळा लागते तसं पाळणाघर लागलं पाहिजे. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. पण विद्यार्थिनी कर्मचारी धरली जात नाही! ज्या रुग्णालयात ती रात्रपाळ्या करते, तिथे तिच्या मुलाची मोजदादच नाही.

आता हरसूलकडून, अंजनेरीकडून जीप करून आलेल्या या आशाताईंकडे बघा. गावची आरोग्य कार्यकर्ती म्हणून आशा नेमताना निकष काय? गावातलीच राहणारी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, शक्यतो २५ ते ४५ वयाची. म्हणजे सरकारने बहुतेक आईच निवडली. तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ तपासायला घरी जायचं. ही पद्धत आली कुठून? गडचिरोलीहून. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचं शास्त्र शिकवलं. नवजात बालमृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला.

माझी एक विद्यार्थिनी याच तालुक्यातली, दोन मुलांची आई. बाळाचे श्वास मोजायचं प्रात्यक्षिक होतं. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला साठ, वर्षापर्यंत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस. तेवढे किंवा त्याहून जास्त भरले तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. बाकीच्या मुली घड्याळ घेऊन रडत्या बाळावर वाकल्या आणि आकडे चुकत गेले. हिने बाळाच्या आईला आधी पाजायला बसवलं. बाळ निवांत झालं, मग दुपट्याचं टोक उचललं, पोटाकडे नजर लावली आणि पूर्ण मिनिट मोजलं. चोपन्न. बाळ चार महिन्यांचं. डॉक्टरांना हाक गेली. ते कसब तिच्या अंगात आधीच होतं, शास्त्र आम्ही दिलं. पुढच्या वर्षी तिने शिक्षण सोडलं. वसतिगृहात मूल ठेवायची परवानगी नव्हती आणि गावाकडे ठेवलेलं धाकटं आजारी पडलं. प्रात्यक्षिकाचे तास भरले नाहीत. त्या संस्थेचं नाव मी घेणार नाही. पण त्या बाळाचा आजार ज्या मुलीने ओळखला ती आज परिचारिका नाही, याचा मला अजून राग येतो.

मागून एक दादा काही म्हणताहेत. पाळणाघर आईची माया देईल का? दादा, विचारलंत ते बरं झालं. ही आशाताई अवसेच्या रात्री बाळंतिणीबरोबर १०८ रुग्णवाहिकेत बसते, तेव्हा हिचं मूल घरी असतंच ना? तेव्हा माया कुठे जाते, असं आपण विचारत नाही, कारण तेव्हा आपल्याला तिची गरज असते. (टाळ्या) नाही, टाळ्या नकोत, दादांना उत्तर पटलंय की नाही ते बघू द्या. नंतर भेटा, सविस्तर बोलू.

दुसरी चिठ्ठी आली. हरसूलची गाडीही सुटेल. विज्ञानाच्या संशोधनाबद्दल बोलायचं राहिलं. रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी संपादित केलेलं ‘लीलावतीज् डॉटर्स’ वाचनालयाने मागवावं, त्यात शास्त्रज्ञ बायकांनी आपापली हकिकत लिहिली आहे.

ताईंनो, दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. बारावी झालेल्या आणि नर्सिंगला जायची इच्छा असलेल्यांनी नाव, गाव, शिक्षण लिहा. शेवटच्या रकान्यात सर्वांत धाकट्या मुलाचं वय लिहा. तो रकाना रिकामा ठेवू नका. ही वही घेऊन मी उद्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाणार आहे, आणि किती मुलांसाठी पाळणाघर लागेल हे त्यांना तिथल्या तिथे मोजून दाखवायचंय.