प्रकल्प कोणाचा, गुण कशाचे?



'शालेय प्रकल्प' हा विषय व्याख्यानमालेस थोडा रुक्ष वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. पण अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत असे घर विरळाच, की जेथे रात्री नऊच्या सुमारास मुलाला एकाएकी आठवले नाही, "आई, उद्या प्रकल्प द्यायचा आहे!" मग वडील चप्पल अडकवून कोपऱ्यावरच्या दुकानात धावतात, चित्रांचे तक्ते येतात, आई कात्री घेऊन बसते आणि अकरा वाजता मूल झोपी जाते. प्रकल्प पुरा होतो. मुलाला त्यातले काय आले, हे मात्र कोणी विचारीत नाही. त्या प्रकल्पांना गुण देणारे आम्हीच शिक्षक. म्हणून आज उपदेश करण्यास नव्हे, तर थोडा कबुलीजबाब देण्यास आम्ही येथे उभे आहोत.

मूळ कल्पना वाईट नव्हे. १९१८ साली अमेरिकेत किलपॅट्रिक यांनी प्रकल्पपद्धतीवर निबंध लिहिला. मुलाने मनापासून, काही हेतू धरून हाती घेतलेले काम हेच शिक्षणाचे केंद्र असावे, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याची परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योग शिक्षणाची योजना आखली आणि 'समवाय' हा शब्द शिक्षकांच्या तोंडी रुळला. हस्तव्यवसाय, निसर्ग आणि समाज या तीन केंद्रांशी शाळेचे सर्व विषय जोडावयाचे, हा त्याचा अर्थ. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली.

मग घोडे पेंड खाते कोठे? एक तर ओढूनताणून केलेल्या जोडणीत. टकळीवर सूत काढता काढता अकबराच्या कारभारापर्यंत पोहोचावयाचे, असा हट्ट धरला की समवायाचे हसे होते. आणि दुसरे, मूल्यमापनात. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. २०१० पासून आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रकल्प हे आकारिक मूल्यमापनाचे एक साधन ठरले. हेतू चांगला होता. पण आम्ही काय केले? प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने आपापला प्रकल्प वेगळा दिला. एकाच मुलाच्या पाठीवर सहा-सात वह्यांचे ओझे चढले आणि आम्ही मुखपृष्ठ पाहून गुण देत सुटलो.

एका वर्षी सातवीच्या वर्गाला आम्ही 'पाणी' हा विषय दिला होता. एका मुलाने छापील चित्रांची, चकचकीत फाईल आणली. तिला सर्वांत अधिक गुण मिळाले. एका मुलीने साध्या वहीची दोन पाने आणली. त्यांत लिहिले होते: 'बादली पंधरा लिटरची. भरायला दीड मिनिट. नळावर आमची पाळी नऊ मिनिटांची. घरात माणसे पाच.' चित्र नाही, सजावट नाही. आम्ही तिला जेमतेम गुण दिले. संध्याकाळी शिक्षकखोलीत गणिताच्या बाईंनी ती वही सहज उचलली आणि हिशेब मांडला. नऊ मिनिटांत सहा बादल्या, म्हणजे नव्वद लिटर, माणशी अठरा. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी रोज १३५ लिटर धरतात. आम्ही सारेच गप्प झालो. आमच्या वर्गातला खरा प्रकल्प त्या दोन पानांत होता आणि तो आम्हांला वाचता आला नव्हता.

पुढल्या वर्षी प्रकल्प देण्यापूर्वी आम्ही चौघे शिक्षक एकत्र बसलो. विषय तोच ठेवला, पण त्याचा प्रश्न केला: 'आपल्या घरी पाणी येते ते कोठून, किती, आणि कोणाच्या वाट्याला किती?' भूगोलात मुलांनी १८६० साली पुरा झालेला विहार तलाव नकाशावर शोधला. विहार आणि पवई यांच्या सांडव्यातून निघणारी मिठी माहीमच्या खाडीपर्यंत बोटाने गाठली. इतिहासासाठी कान्हेरीच्या लेण्यांतील पोढ्या पाहिल्या. डोंगरावरचे पावसाचे पाणी खडकातल्या टाक्यांत साठविण्याची ती जुनी सोय पाहून मुले थक्क झाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे वीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद अंगणात किती पाणी पडले? उत्तर आले, २,८३,२०० लिटर! मराठीसाठी मुलांनी आजी-आजोबांना विचारून विहिरींच्या आठवणी लिहून आणल्या. ज्या विषयाचे या प्रश्नाला खरोखर काम नव्हते, तो विषय आम्ही बाजूस ठेवला.

गुण कशाचे, हेही आधीच ठरवून मुलांना सांगितले. प्रश्न स्वतःचा आहे काय? नोंद स्वतः पाहून, मोजून केली आहे काय? एका विषयातले ज्ञान दुसऱ्यात वापरले काय? आणि आपली चूक सापडल्यावर ती दुरुस्त केली काय? खोडलेला आकडा तसाच ठेवावयाचा, हा नियम केला. काम गटाने केले, तरी प्रत्येक मुलाने तीन मिनिटे स्वतः उभे राहून सांगावयाचे. प्रत्येक वही दोन शिक्षकांनी वेगवेगळी तपासावयाची. पहिल्या खेपेस आमच्या गुणांत इतका फरक पडला की हसू आले. पण त्या फरकावर झालेल्या वादातूनच आपण नेमके काय तपासतो, हे आम्हांला उमगले.

घराघरांतील पाण्याचे आकडे फळ्यावर मांडले, ते नावे वगळून. कोणाचे दारिद्र्य वर्गात उघडे पडू नये. तरीही टाकीवाल्या इमारतीतली मुले तो तक्ता पाहून स्तब्ध झाली. "सर, हे सगळे आपल्याच वर्गातले?" असे एकाने विचारले. या प्रश्नाला आमच्या पत्रकात रकाना नव्हता.

यात अडचणी नाहीत असे नव्हे. वेळ जातो, पाठ्यक्रम मागे पडतो. म्हणून वर्षाला सहा-सात प्रकल्पांऐवजी दोनच घ्यावेत, असे आमचे मत झाले आहे. मुख्याध्यापकांकडे आमची एकच मागणी: आठवड्यातून एक तास सर्व विषयांच्या शिक्षकांना एकत्र बसण्यासाठी मोकळा द्यावा. आणि पालकहो, आपणांस विनंती, रात्री नऊ वाजता दुकानात धावू नका. वही मळकी राहिली तरी चालेल. ती मुलाची असू द्या.

त्या मुलीला आम्ही पुढे गुण वाढवून दिले, पण त्याने आमची चूक पुसली गेली नाही. अशी दोन पाने पुन्हा कोणाच्या हातून निसटू नयेत, एवढ्यासाठीच आपला हा वेळ घेतला.