साठीनंतरचा रकाना

व्याख्यानाला वेळेआधी येऊन पुढच्या खुर्च्या धरणारी मंडळी आणि सकाळी खराटा, टिकाव, घमेलं घेऊन नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या रस्त्यावर उतरणारी मंडळी, यांच्यात बरेच चेहरे सारखे सापडतात. २०२० च्या ऑक्टोबरात राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालं. त्याच सुमारास कर्जतमधल्या सर्व सामाजिक संघटनांनी एकत्र येऊन रोजच्या श्रमदानाला हात घातला. हा उत्साह पंधरवड्यात ओसरेल असं ज्यांना वाटलं, ते चुकले. अवर्षणप्रवण तालुक्यात झाड लावणं सोपं, जगवणं अवघड. आणि जगवायला रोज येणारी माणसं लागतात. निवृत्त शिक्षक, एसटीतून मोकळे झालेले वाहक, मुलांकडे शेती सोपवलेले शेतकरी, भजनी मंडळातल्या आजी. हाताशी वेळ असलेला गावातला हाच मोठा वर्ग.

अडचण टिकाव खाली ठेवल्यावर सुरू होते. फोटो ग्रुपवर टाकायचा असतो. किती झाडं लावली, किती जगली याचा तक्ता पाठवायचा असतो. बैठकीची सूचना, जमाखर्च, कार्यालयाला द्यायचं पत्र, सगळं आता फोनवर किंवा संगणकावर. ज्याने पंधरा-वीस वर्षं मंडळाची वही सांभाळली, तोच माणूस म्हणतो, “तेवढं पोराला सांगा.” आज फोटोचं पोराकडे जातं, उद्या हिशेबाचं, परवा निर्णयाचं. मग आजोबा फक्त खड्डे खणायला येतात, आणि गुडघे बोलू लागले की तेही थांबतं.

ग्रामीण भागात डिजिटल साक्षरता पोहोचवायला केंद्र सरकारने २०१७ मध्ये मोठी मोहीम काढली, प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान. घरटी एक माणूस, वीस तासांचं प्रशिक्षण, लक्ष्य सहा कोटी. मार्च २०२४ मध्ये योजना संपली तेव्हा ते लक्ष्य ओलांडलेलं होतं. काम मोठं झालं, यात वाद नाही. पण पात्रतेच्या ओळीत एक अट होती : वय १४ ते ६०. साठी ओलांडली की नाव नाही. इकडे पेन्शनरांसाठी हयातीचा डिजिटल दाखला, ‘जीवन प्रमाण’, आधीच आला होता (२०१४), मग डिजिटल सहीचा सातबारा आला (२०१८), पिकाची नोंद शेतात उभं राहून स्वतःच फोनवर करायची ई-पीक पाहणी आली (२०२१). शिकवणी साठीला थांबली आणि परीक्षा साठीनंतर सुरू झाली. सध्याचा ‘उल्लास’ हा नवसाक्षरता कार्यक्रम त्या मानाने शहाणा : वय पंधराच्या पुढे, वरची मर्यादा नाही, अभ्यासात डिजिटल व्यवहारांनाही जागा, आणि शिकवणारे स्वयंसेवक.

गावात ज्येष्ठांसाठी असा वर्ग काढायचा तर त्याची वेळ कोणती ठेवायची, हे मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याकडून शिकावं. ८ मार्च २०१६ ला तिथे योगेंद्र बांगर या शिक्षकाच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा भरली. गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. शाळेची वेळ दुपारची, घरची कामं उरकल्यानंतरची. साधी गोष्ट आहे, पण कितीतरी प्रशिक्षणं एवढ्याच एका गोष्टीवर आपटतात.

आणि काय शिकवायचं? इथे वारणानगरची हकिगत उपयोगी पडते. १९९८ मध्ये वारणेच्या साखरपट्ट्यात सत्तर गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प झाला. गावोगावी संगणकाच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिलं तेव्हा शेतकरी त्यांचा वापर मोजक्याच कामांसाठी करत होते : ऊस किती गेला, खत किती उचललं, पैसे किती जमा. पुढे सात गावांत संगणकाच्या जागी साधे मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिले, तर तेवढं काम त्यावर भागलं. शेतकऱ्याला आपल्या उसाचा आकडा हवा होता, मग तो कुठल्याही यंत्रातून येवो. ज्येष्ठांच्या वर्गात ‘हा सीपीयू, हा माउस’ असा पहिला धडा देणाऱ्या उत्साही तरुणांनी वारणेला एकदा जाऊन यावं.

कर्जतच्या स्वयंसेवकाचा ‘उसाचा आकडा’ म्हणजे झाडांची वही. झाडाचा क्रमांक, जात, लावल्याची तारीख, पाण्याची पाळी कोणाची, जगलं की गेलं. हेच रकाने एक्सेलमध्ये आखून द्यावेत. ज्याने आयुष्यभर रोजमेळ लिहिला, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, खाली शिल्लक, त्याला हा तक्ता परका वाटत नाही. फक्त बेरीज आपोआप होते याची सवय व्हावी लागते. जुना हिशेबनीस पहिले काही दिवस ती बेरीज कागदावर पुन्हा करून पाहतो. पाहू द्यावी. आकडा जुळला की विश्वास बसतो, आणि मग एके दिवशी तो स्वतःच विचारतो की फक्त गेलेली झाडं वेगळी दाखवता येतील का. चाळणी लावली की कळतं : कडुनिंब तगलेत, आणि एका ठरावीक रस्त्यावरची रोपं मात्र ओळीने वाळलीत. वहीत हे सगळं होतंच, पण चाळीस पानांवर पसरलेलं. शिकणारा खुर्ची पुढे ओढतो तो या क्षणी.

अडथळे वेगळेच निघतात, ते जवळून पाहावे लागतात. उतारवयात बोटांची कातडी कोरडी पडते. कुदळ धरलेल्या बोटांची तर जास्तच. काचेच्या पडद्याला कोरडं बोट नीट कळत नाही, म्हणून माणूस जोर लावतो आणि दाबून धरतो. दाबून धरलं की फोन वेगळंच काही करतो : चौकट उघडते, चिन्ह जागचं हलतं, कधी पुसून जातं. “माझ्या हाताला फोन लागत नाही” ही तक्रार तिथून येते. ओल्या फडक्याला बोट टेकवून पाहावं. फोनच्या सेटिंगमध्ये दाबून धरण्याची वेळ वाढवता येते, ती वाढवावी. अक्षरं मोठी करावीत. एवढ्यावर निम्मा धाक जातो.

टंकलेखनाचाही असाच घोर. ‘ज्ञ’ कुठे आणि ‘ऱ्या’ कसा काढायचा, यात आठवडा जातो. २०१७ मध्ये गूगलने बोलून लिहिण्याची सोय मराठीत आणली, तेव्हापासून टंकन शिकण्याची घाई उरली नाही. माणसाने बोलावं, यंत्राने लिहावं, मग चष्मा लावून विरामचिन्हं घालावीत. नगरी बोलीतलं ‘ह्ये’ आणि ‘आलतो’ यंत्राला उमगत नाही आणि भलतंच काही उमटतं. वर्गात हशा पिकतो. पिकू द्यावा. निवृत्त शिक्षक अशा चुका जितक्या हौसेने दुरुस्त करतात, तितक्या हौसेने दुसरा कुठलाच धडा घेत नाहीत.

डोक्याला याचा काही फायदा होतो का? टेक्सासमधल्या संशोधक डेनिस पार्क यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. साठ ते नव्वद वयाची २२१ माणसं, वेगवेगळे गट, तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास. काहींना डिजिटल छायाचित्रण शिकवलं, काहींना कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवायला, काहींना दोन्ही. एका गटाला नुसतं गप्पा, सहली, खेळ यांत रमवलं. नवं कौशल्य शिकलेल्यांची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. ज्या कर्जतच्या ग्रामदैवताच्या, संत गोदड महाराजांच्या, नावातच गोधडी ऐकू येते, तिथे हा अभ्यास सांगताना अवघडल्यासारखं व्हायला नको. नुसत्या गप्पांच्या कट्ट्यापेक्षा नव्या शिकण्यात डोकं जास्त राबतं, एवढंच त्यातून घ्यायचं.

जपानच्या मासाको वाकामिया यांनी एक्सेलचीच गोधडी केली. बँकेतून निवृत्त होण्याच्या सुमारास, साठीच्या आसपास, त्या संगणक शिकल्या. वयस्करांना एक्सेल रुक्ष वाटतं म्हणून रकान्यांत रंग भरून त्यांनी नक्ष्या काढल्या. २०१७ मध्ये, ८१ व्या वर्षी, त्यांनी आयफोनसाठी बाहुल्या मांडण्याचा खेळ तयार केला, कारण तरुणांच्या खेळांतला वेग ज्येष्ठांना झेपत नाही.

उलट दिशेचं, म्हणजे ज्येष्ठांनीच शिकवण्याचं, उदाहरण तर कर्जतहून निघून भिगवण-बारामती ओलांडली की येतं. शिक्षणतज्ज्ञ सुगाता मित्रा यांनी २००९ मध्ये इंग्लंडमधल्या निवृत्तांना साद घातली : आठवड्यातला एक तास द्या, स्काइपवरून भारतातल्या मुलांशी बोला. त्यातून ‘ग्रॅनी क्लाउड’ उभा राहिला. पुढे मित्रा यांना मिळालेल्या २०१३ च्या टेड पारितोषिकातून सात ठिकाणी प्रयोगशाळा झाल्या. त्यांतली एक फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत, मॅक्सीन बर्नसन यांनी घडवलेल्या त्या शाळेत. या आज्या संगणकासमोर बसल्या त्या मुलांशी गप्पागोष्टी करता याव्यात म्हणून. कर्जतच्या एखाद्या निवृत्त बाईंनी दूरच्या वस्तीवरच्या मुलांचा पाढ्यांचा तास असाच घरबसल्या घ्यायला काय हरकत आहे?

फसवणुकीची भीती खरी आहे आणि ती वर्गात पहिल्याच आठवड्यात बोलून टाकावी. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार कुठल्याही कायद्यात नाही. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० ला फोन करायचा. हे शिकवायला तरुणापेक्षा समवयस्क बरा, कारण फसलेला माणूस नातवासमोर कबूल करत नाही, मित्रासमोर करतो.

नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याची धांदल उडते. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही म्हणून आता चेहरा दाखवून दाखला काढता येतो. फोन समोर धरायचा, डोळ्यांची उघडझाप करायची. चष्म्याच्या काचेवर उजेड चमकला की चेहरा नीट पकडला जात नाही, म्हणून चष्मा काढायचा. आणि चष्मा काढला की पडद्यावरची सूचना वाचता येत नाही. मग ओट्यावर शेजारी दुसरे आजोबा बसतात, आपला चष्मा सावरत मोठ्याने वाचतात, “आता डोळं मिट. उघड. परत मिट.”