एका मालाला पाच बाजार
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मागच्या बैठकीत पुढच्या रांगेतल्या एका पोराने विचारलं, "काका, कपाशीच्या पैशातून क्रिप्टो घ्यावं का?" बापाने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. पोरगा गप्प बसला, प्रश्न काही बसला नाही. उत्तर देतो, पण आधी दोन मित्रांची गोष्ट ऐका.

मे २०१९. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात हॅकेथॉन भरली होती. हॅकेथॉन म्हणजे काय? आपली इर्जिक आणि शंकरपट एकत्र करा. संगणकाची कामं करणारी पोरं एका मोठ्या हॉलमध्ये जमतात, दोन दिवस धड झोपत नाहीत आणि शेवटी काहीतरी चालतं यंत्र पंचांपुढे ठेवतात. त्यात सर्गेई कुन्झ आणि अँटोन बुकोव्ह ही जोडी होती. दोघांची ओळख यूट्यूबवरच्या एका कार्यक्रमातून झालेली. त्यांनी तिथे जे बांधलं त्याचं नाव 'वन इंच'.

नवं नाणं काढून विकायचं, हा त्यांचा डाव नव्हता. त्यांना दिसली ती अडचण तुम्हा-आम्हाला रोज दिसते. एकाच मालाचे वेगवेगळ्या बाजारात वेगवेगळे भाव, आणि विकणाऱ्याला माहीत फक्त जवळच्या बाजाराचा.

क्रिप्टोचे काही बाजार असे आहेत की तिथे अडत्या नाही, बोली नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झालेला युनिस्वॅप त्यातलाच. तिथे भाव गणिताने ठरतो. समजा एका गोदामात १०० पोती ज्वारी आहे आणि शेजारच्या पेटीत १ लाख रुपये. म्हणजे भाव पोत्याला १,००० रुपये. नियम एकच: पोती गुणिले रुपये, हा गुणाकार बदलता कामा नये. तुम्ही १० पोती आणून टाकली. पोती झाली ११०, म्हणून पेटीत उरले पाहिजेत ९०,९०९ रुपये. तुमच्या हातात पडले ९,०९१. दहा हजारांचा माल, नऊशेला चाट! कोणी काटा मारला नाही, तुमच्याच मालाने तुमचा भाव पाडला. आवक वाढली की भाव पडतो हे तुम्हाला सांगायला अमेरिकेतून कोणी यायला नको.

आता तशीच पाच गोदामं आहेत असं धरा. प्रत्येकात दोन-दोन पोती टाकली, तर एका ठिकाणी १,९६१ रुपये मिळतात, पाचांचे मिळून जवळपास ९,८०४. माल तोच, दिवस तोच, ७१३ रुपये जास्त. या दोघांच्या यंत्राने हेच केलं. सगळे बाजार एका क्षणात पाहायचे, माल वाटून टाकायचा, आणि सगळा सौदा एकच धरायचा. एक तुकडा फसला तर सगळाच रद्द, माल जिथल्या तिथे. मात्र जितके तुकडे जास्त, तितका व्यवहाराचा आकार जास्त. त्यामुळे वाटणी दर वेळी परवडतेच असं नाही. हे आपलं ट्रॅक्टरचं भाडंच झालं.

आपल्याला हे का जमत नाही? त्यांच्या मालाला वजन नाही, ओल नाही, प्रत नाही. आपल्या कापसाला तिन्ही आहेत. आणि आपल्या वाटेत तर कायदाच आडवा होता. १९७२ साली एकाधिकार खरेदी सुरू झाली, आणि सीमेपलीकडे चार पैसे जास्त मिळतात म्हणून स्वतःचा कापूस नेणारा शेतकरी तस्कर ठरला. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या गाड्या तेव्हा नाक्यावर अडल्या आहेत. हसू नका, त्यांना विचारा.

आता पोराच्या प्रश्नाकडे. यंत्र कामाचं आहे, म्हणून नाण्यात पैसा घालावा असं होत नाही. याच वन इंचचं स्वतःचं नाणं २५ डिसेंबर २०२० ला निघालं. २०२१ मध्ये ते ५ डॉलरच्या वर गेलं आणि २०२२ मध्ये १ डॉलरच्या खाली आलं. यंत्र तेच, बनवणारे तेच, वर घेतलेला मात्र बुडाला. शिवाय २०२२ पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. एका नाण्यात खोट आली तर ती दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. तेव्हा बाबा, बियाणं-खताचा, सावकाराचा, बहिणीच्या लग्नाचा पैसा त्यात घालू नकोस. गणित शिकायचं असेल तर जरूर शीक, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि पुढच्या बैठकीला येताना सगळ्यांनी गेल्या हंगामाच्या हिशेबपट्ट्या आणा. कोणत्या तारखेला, कोणत्या बाजारात, काय भाव, अडत-हमाली-तोलाई किती आणि भाडं किती. पट्टी हरवली असेल तर आठवेल तसं लिहून आणा. या पोरालाच फळ्यावर मांडायला बसवू.