दिलेली जबान, छापलेली हमी



आमच्या सोलापुरात 'जबान देणे' असे म्हणतात. जबान म्हणजे जीभ, जबान म्हणजे भाषा आणि जबान म्हणजे दिलेला शब्दही. पूर्वी दुकानदार म्हणायचा, "घेऊन जा, काही झालं तर मी आहे ना!" झाली जबान देऊन. रेडिओ बिघडला तर लोक कागद शोधत नसत, त्याच दुकानाची पायरी चढत. आता त्या जबानीच्या जागी छापील कार्ड आले आहे. त्याला आपण वॉरंटी म्हणतो.

मी कवी माणूस. शब्दात काय आहे आणि शब्दातून काय गाळले आहे, हे पाहण्याची मला सवय. आमच्या नव्या फ्रीजच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'दहा वर्षांची वॉरंटी'. आतल्या कार्डावर मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत पुढचा मजकूर होता : दहा वर्षे फक्त कॉम्प्रेसरची, बाकी सगळ्याची एक वर्ष. पाचव्या महिन्यात फ्रीजचा बोर्ड गेला. तक्रार नोंदवली, तीन दिवसांनी एसएमएस आला : 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.' फ्रीज मात्र कपाटासारखा कोमट! मेकॅनिक मुलगा आला तेव्हा म्हणाला, "चाचा, माझ्या हातात काही नाही. बोर्ड कंपनीकडून यायचा."

त्याचे खोटे नव्हते. जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर एक तर चालू असे, नाहीतर बंद. इन्व्हर्टर फ्रीजमध्ये त्याचा वेग गरजेप्रमाणे कमीजास्त होतो, त्याने वीज वाचते. पण तो वेग सांभाळायला इलेक्ट्रॉनिक बोर्ड लागतो आणि विजेचे चढउतार, उष्णता, दमट हवा यांनी तो नाजूक जीव खचतो. पूर्वीचा मिस्त्री कथलाचा डाग देऊन पाच-दहा रुपयांचा सुटा भाग बदलायचा. आता बहुतेक वेळा अख्खा बोर्डच बदलतात.

पण माझ्यापेक्षा शेजारच्या विडी वळणाऱ्या बाईंची गोष्ट मोठी आहे. त्यांनी हप्त्यांवर टीव्ही घेतला. चौथ्या महिन्यात पडद्यावर उभी रेघ आली. फोन लावला तर पलीकडे हिंदी किंवा इंग्रजी, बाईंचे बोलणे तेलुगू आणि मराठी. 'माणूस दहा ते सहा कधीही येईल' म्हणून त्या दोन दिवस घरी थांबल्या, विड्या द्यायला कारखान्यात गेल्या नाहीत. दोन दिवसांची मजुरी बुडाली. तिसऱ्या दिवशी माणूस आला, म्हणाला, 'पडद्याला धक्का लागलाय, हे वॉरंटीत बसत नाही.' नव्या पडद्याची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीएवढी. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी कार्डाकडे आणि हप्तेवाला म्हणतो, टीव्हीचं मला सांगू नका. टीव्ही बंद पडला, हप्ता चालू राहिला. हप्त्याला मात्र वॉरंटीची गरज पडत नाही!

अशा वेळी 'नशीब आपलं' म्हणून गप्प बसायचे नाही. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय कुठल्या का गावी असेना. वस्तूला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी एक संकेतस्थळही सुरू केले. आयोगात निकालाला कायद्याने धरलेल्या तीन किंवा पाच महिन्यांपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, हेही खरे.

म्हणून काही गोष्टी पाळा. बिल, कार्ड आणि तक्रार क्रमांक एकाच पिशवीत ठेवा. मेकॅनिक आला की काय बिघडले ते त्याच्याकडून लिहून घ्या. काम झाल्याशिवाय सही करू नका. घेतानाच विचारा : बोर्डाची हमी किती, पडद्याची किती? उत्तर बिलावर लिहून मागा.

आमच्या बाईंचा अर्ज मी मराठीत लिहून दिला आहे. अर्जात टीव्हीच्या किमतीबरोबर बुडालेल्या दोन दिवसांची मजुरीही मागितली आहे. ती रक्कम लहान आहे, पण बाईंनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि मगच सही केली.